मत जालन्याला, बातमी औरंगाबादची

२६ मार्च २०१९. लोकसभा निवडणुकीची धामधूम सुरू झाली होती. औरंगाबादच्या शहागंजातल्या काँग्रेस कार्यालयात काँग्रेस आणि राष्ट्रवादीची संयुक्त बैठक ठरली होती आणि ऐन वेळी तिथल्या ३०० खुर्च्या नाहीशा झाल्या. चोरी वगैरे काही नव्हती. सिल्लोडचे काँग्रेस आमदार अब्दुल सत्तार यांची माणसे त्या उचलून घेऊन गेली होती. औरंगाबादची उमेदवारी सुभाष झांबड यांना मिळाल्याने सत्तार नाराज होते. खुर्च्या आपल्या मालकीच्या आहेत, आपण पक्ष सोडतोय म्हणजे त्याही आपल्याबरोबर येणार, असे त्यांचे सरळ म्हणणे होते. बैठक राष्ट्रवादीच्या कार्यालयात उरकावी लागली. पाठोपाठ दिल्लीच्या वाहिन्यांवर औरंगाबादच्या खुर्च्या झळकू लागल्या आणि ज्यांनी सिल्लोडचे नाव कधी ऐकले नव्हते त्यांच्या मोबाइलवर सिल्लोडचा आमदार जाऊन पोहोचला.

एरवी बातमीचा प्रवास उलट्या दिशेने होत आला होता. दिल्लीत काहीतरी घडायचे, मुंबईत छापून यायचे, औरंगाबादेत त्यावर अग्रलेख पडायचा आणि मग ते सगळे एसटीच्या टपावरून सिल्लोडला उतरायचे.

या तालुक्याची आणखी एक अडचण आहे. औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे ६५ किलोमीटरवर, अजिंठ्याच्या वाटेवर सिल्लोड वसले आहे. जिल्ह्याच्या कचेऱ्या, कोर्टकज्जे, दवाखाने, मुलांची कॉलेजे, सगळ्यासाठी तोंड संभाजीनगरकडे. लोकसभेचे मत मात्र जालन्याला. १ मे १९८१ रोजी जालना हा वेगळा जिल्हा झाला. त्याआधी जालना, भोकरदन, जाफराबाद, अंबड हे तालुके औरंगाबाद जिल्ह्यातच होते, त्यामुळे कोणाला काही खटकत नव्हते. आज जालना लोकसभा मतदारसंघात जालना, बदनापूर, भोकरदन हे तीन विधानसभा मतदारसंघ एका जिल्ह्यातले आणि सिल्लोड, फुलंब्री, पैठण हे तीन दुसऱ्या जिल्ह्यातले. सिल्लोडच्या घरात येणारा पेपर संभाजीनगरच्या आवृत्तीचा असतो. त्याच्या पहिल्या पानावर शहरातली लढत, शहरातला रोड शो, शहरातल्या उमेदवाराची मुलाखत. ज्याला मत द्यायचे त्याची बातमी शोधायला आतले पान उघडावे लागते. देशाच्या निवडणुकीत बातमीचे काम काय, हे पाहायला अशी जागा फार सोयीची. इथे बातमी आणि मत कधी एका रांगेत चाललीच नाहीत.

मागचा इतिहास निजामाच्या राजवटीपासून सुरू होतो. हैदराबाद संस्थानात सभा घ्यायची तर सरकारची आगाऊ परवानगी लागे. ‘गश्ती निशान ५३’ या फर्मानाने तो चाप बसवला होता. कचेरीची भाषा उर्दू, शाळा तुरळक, आणि बाहेरून येणाऱ्या कित्येक वृत्तपत्रांना वेशीवरच बंदी. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ साली ‘मराठवाडा’ हे साप्ताहिक काढले ते पुण्यातून, कारण संस्थानात ते निघणे शक्यच नव्हते. निजाम सरकारने अंकावर बंदी घातली की वाघमारे नाव बदलून पुन्हा अंक काढत. पुन्हा बंदी, पुन्हा नवे नाव. अंक सरहद्द ओलांडून चोरून येत आणि एकेक प्रत अनेक घरे फिरे. बातमी देण्याची किंमत काय असू शकते हे ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत दिसले. भारतात विलीन व्हावे असे लिहिणारे ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा भर रस्त्यात खून झाला. त्यानंतर महिनाभराच्या आत, १७ सप्टेंबरला, निजामाने शरणागती पत्करली.

ज्या मुलखात साडेतीन वर्षांपूर्वी साधी सभा घ्यायची चोरी होती, तिथे १९५२ मध्ये प्रत्येक प्रौढ माणसाच्या हाती मतपत्रिका आली. देशभरात साक्षरतेचे प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास होते, हैदराबाद राज्यात त्याहूनही कमी. पेपर वाचून मत ठरवणारा मतदार गावात बोटावर मोजण्याइतका. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी त्यावर काढलेला तोडगा होता चिन्हांचा. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचे चिन्ह. मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नव्हता, खूणही करायची नव्हती. आडोशाला जायचे, आपल्या चिन्हाची पेटी ओळखायची आणि कागद आत सोडून द्यायचा. लोकसभेसाठी एक कागद, विधानसभेसाठी दुसरा. मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात अशा लाखो लोखंडी पेट्या घडवल्या गेल्या.

म्हणजे प्रचाराचे सगळे ओझे त्या चित्रावर पडले. काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचे झाड, जनसंघाचा दिवा. उमेदवाराचे नाव विसरले तरी चालेल, पेटी चुकता कामा नये. शेतकऱ्याच्या गावात बैलजोडीला वेगळी जाहिरात लागत नाही हे काँग्रेसच्या विरोधकांना फार लवकर कळले. पेपर गावात यायचा तो शाळामास्तरकडे, पाटलाकडे किंवा एखाद्या दुकानदाराकडे, तोही शिळा. एक जण वाचणार, बाकीचे ऐकणार. वाचणारा मधेमधे थांबून आपले मत घालणार. ऐकणाऱ्याच्या कानावर पडायची ती छापलेली बातमी आणि वाचणाऱ्याची टिप्पणी यांची मिसळ. वाचणारा कोण आहे यावर तिचे वजन ठरे. पाटलाने वाचलेली बातमी आणि वस्तीवरच्या शिकलेल्या पोराने वाचलेली बातमी, अक्षरे तीच असली तरी वेगवेगळ्या माणसांना खरी वाटे. सिल्लोडच्या पुढच्या ७० वर्षांच्या निवडणुकांत यंत्रे बदलत गेली, ही सवय टिकली.

१९५७ च्या निवडणुकीत माध्यमाचा जोर आणि त्याची मर्यादा एकदमच दिसली. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली होती आणि १५ नोव्हेंबर १९५६ रोजी आचार्य अत्र्यांनी ‘मराठा’ सुरू केला होता. मुंबई-पुण्यात लोक त्याची वाट पाहत, मथळे मोठ्याने वाचत. तिकडे पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसची दाणादाण उडवली. मराठवाड्यात मात्र समितीला तसे यश मिळाले नाही. औरंगाबादमधून हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ काँग्रेसच्या तिकिटावर लोकसभेत गेले. ‘मराठा’ तडाखेबंद होता खरा, पण तो इथल्या पारावर पोहोचतच नव्हता आणि स्वामीजींना इथले लोक पेपरातून नव्हे, तुरुंगातून ओळखत होते.

इथला आवाज होता ‘मराठवाडा’. मुक्तीनंतर तो आधी हैदराबादेतून आणि मग औरंगाबादेतून निघू लागला, अनंत भालेराव त्याचे संपादक झाले आणि १५ ऑगस्ट १९६८ पासून तो दैनिक झाला. विकासाचा अनुशेष, रेल्वे, विद्यापीठ, दुष्काळ, मराठवाड्याची जी जी तक्रार असेल ती त्यात सापडायची. अग्रलेखाला तालुक्याच्या गावीही वाचक होता. आणीबाणीत सेन्सॉरशिप आली आणि भालेरावांनाही तुरुंग पाहावा लागला. पेपर निघत होते, पण त्यांत काय नाही हे वाचकाला कळत होते.

गावात तोवर ट्रान्झिस्टर आला होता. १९६८ साली परभणीचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले आणि शेतकऱ्याला त्याच्या बोलीतले कार्यक्रम मिळू लागले. सकाळी ७ वाजून ५ मिनिटांनी पुण्याहून येणाऱ्या प्रादेशिक बातम्यांवर लोक घड्याळ लावत. बातमी ऐकायला आता वाचता येण्याची गरज उरली नाही, मधल्या वाचणाऱ्याचा मान थोडा कमी झाला. पण रेडिओ सरकारचा होता आणि आणीबाणीत तर तो फक्त सरकारचाच होता. मार्च १९७७ च्या निवडणुकीआधी पहिल्यांदाच आकाशवाणीवर सगळ्या मान्यताप्राप्त पक्षांना भाषणासाठी वेळ देण्यात आला. सरकारी यंत्रातून सरकारविरोधी भाषण, हा अनुभव लोकांना नवा होता.

त्या निवडणुकीत जालन्यातून जनता पक्षाचे पुंडलिक हरी दानवे निवडून आले. १९७१ मध्ये याच जालन्याने ‘गरिबी हटाओ’च्या लाटेत काँग्रेसच्या बाबुराव काळे यांना दिल्लीला पाठवले होते. मधल्या काळात बहुतेक वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप होते, तरीही नसबंदीच्या शिबिरांत काय चालले आहे हे गावोगाव माहीत होते. कोणत्या गावात कोणाला नेले, कोणाच्या नोकरीवर गदा आली, या गोष्टी बाजारात, एसटीत, लग्नाच्या मांडवात फिरत होत्या. सेन्सॉर अधिकाऱ्याला मांडवात शिरता येत नाही.

पुढच्याच वर्षी, २७ जुलै १९७८ रोजी, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाडा पेटला. दलित वस्त्या जळाल्या. ‘मराठवाडा’ दैनिकाने नामांतराविरोधी भूमिका घेतली होती. निजामाशी लढलेला, आणीबाणीत न वाकलेला पेपर एका मोठ्या समाजाला परका झाला. कोणाचा पेपर कोण वाचतो, हा प्रश्न त्यानंतर मराठवाड्यात कधी मिटला नाही.

९ जानेवारी १९८२ रोजी ‘लोकमत’ची औरंगाबाद आवृत्ती निघाली आणि तालुक्याच्या बातमीचे दिवस पालटले. तालुका प्रतिनिधी, त्याच्या हाताखाली मोठ्या गावांतले वार्ताहर, बातमीत जास्तीत जास्त गावांची आणि माणसांची नावे. आपले नाव पेपरात छापून येते हे अजिंठा, भराडी, अंभई, शिवना, गोळेगावच्या माणसाला कळले आणि पेपराचा खप वाढला. पहाटे गाडीने गठ्ठे यायचे, बसस्टँडवर त्यांची सुतळी तुटायची, पुरवणी आत सारली जायची आणि तिथून जीप, दूधवाले, एसटी असे मिळेल त्या वाहनाने पेपर खेड्याकडे निघायचे. वार्ताहराच्या खिशात दोन पावतीपुस्तके असत, एक वर्गणीचे, दुसरे जाहिरातीचे. बातमी तो देईच, पण पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पान-अर्धे पान जाहिरातही त्यालाच आणावी लागे. त्याचे कमिशन तिथे होते.

कोणता पेपर कोणाच्या घरचा, हे सिल्लोडच्या वाचकाला पाठ होते. ‘लोकमत’चे दर्डा काँग्रेसचे, ‘सामना’ शिवसेनेचा, ‘देवगिरी तरुण भारत’ संघ परिवाराच्या विचाराचा. मुस्लिम मोहल्ल्यांत ‘औरंगाबाद टाइम्स’सारखे उर्दू पेपर येत. २०११ च्या मे महिन्यात भास्कर समूहाचा ‘दिव्य मराठी’ औरंगाबादेतूनच सुरू झाला. हॉटेलात चहा पिता पिता दोन-तीन पेपर चाळणारा माणूस बातम्यांची वजाबाकी करून निष्कर्ष काढी. एकाच सभेची गर्दी एका पेपरात ‘अलोट’ आणि दुसऱ्यात नोंदच नाही, म्हणजे गर्दी बऱ्यापैकी असणार.

जालन्याचे मत या काळात झुलत होते. १९८० आणि १९८४ ला काँग्रेसचे बाळासाहेब पवार, १९८९ ला पुन्हा पुंडलिक हरी दानवे, आता भाजपकडून, १९९१ ला काँग्रेसचे अंकुशराव टोपे, १९९६ आणि १९९८ ला भाजपचे उत्तमसिंग पवार. भिंती रंगवण्याचा तो सुगीचा काळ. चुना, गेरू आणि ब्रश घेतलेला पेंटर निवडणुकीच्या महिन्यात उभे राहून जेवे. भोंगे बांधलेल्या जीपमधून गाण्यांच्या चालीवरचा प्रचार रात्री उशिरापर्यंत चाले, पोरे बिल्ले गोळा करत जीपमागे धावत. टी. एन. शेषन यांनी १९९० च्या डिसेंबरात निवडणूक आयोगाची सूत्रे घेतली आणि या सगळ्यावर वेळेची, खर्चाची, परवानगीची लगाम आली. १९९५ साली महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपीकरणाविरुद्धचा कायदा झाला. भिंतीवरचा प्रचार हळूहळू पुसला गेला आणि तो पैसा दुसरीकडे वळला.

कुठे वळला, याचा बोभाटा २००९ मध्ये झाला. त्या वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्या स्तुतीची पानेच्या पाने मराठी दैनिकांत आली. एकाच मजकुराचे लेख एकमेकांच्या स्पर्धक पेपरांत शब्दशः तसेच छापले गेल्याचे पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’त दाखवून दिले. वार्ताहरांच्या बोलीत याला ‘पॅकेज’ म्हणत. उमेदवाराने ठरावीक रक्कम मोजायची की सभा, पदयात्रा, मुलाखत, सगळे बातमीच्या अंगाने छापून येणार, खाली ‘जाहिरात’ हा शब्द नसणार. जो पॅकेज घेणार नाही त्याचे नावही दिसणार नाही. चव्हाण यांच्या खर्चाच्या हिशेबाचे प्रकरण २०१४ मध्ये आयोगाने त्यांच्या विरोधात ठरवले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो आदेश रद्द केला. पण प्रेस कौन्सिलने या धंद्याची चौकशी केली होती, आयोगाने जिल्ह्याजिल्ह्यांत माध्यम प्रमाणीकरण आणि संनियंत्रण समित्या कामाला लावल्या होत्या आणि पेड न्यूजचा खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरला जाऊ लागला होता. वाचकानेही हिशेब बदलला. निवडणुकीच्या महिन्यात पेपरातल्या कौतुकाला तो जाहिरातीच्याच मापाने मोजू लागला. छापील शब्दाची पत अशी घसरत असतानाच हातात मोबाइल आला.

भाजपचे रावसाहेब दानवे १९९९ पासून जालन्याचे खासदार होते. २००९ मध्ये काँग्रेसच्या डॉ. कल्याण काळे यांनी त्यांना घाम फोडला, दानवे जेमतेम ८,४८२ मतांनी तरले. २०१४ मध्ये हेच मताधिक्य दोन लाखांच्या पुढे गेले. त्या वर्षी मोदींचा प्रचार टीव्हीवर, फेसबुकवर, थ्रीडी सभांमध्ये होता. आयोगाने २०१३ च्या ऑक्टोबरातच उमेदवाराला आपल्या सोशल मीडिया खात्यांची माहिती प्रतिज्ञापत्रात देणे बंधनकारक केले होते. मात्र सिल्लोडसारख्या तालुक्यात खरा फरक पडला तो ५ सप्टेंबर २०१६ नंतर. जिओने डेटा जवळपास फुकट केला आणि मक्याच्या शेतात पाणी भरणारा माणूसही व्हिडिओ पाहू लागला.

आता तालुक्याची बातमी तालुक्यातूनच निघू लागली. मे २०१७ मध्ये जालन्यात कार्यकर्त्यांशी बोलताना, सरकारने तूर खरेदी करूनही शेतकऱ्यांची रड थांबत नाही, अशा अर्थाचे बोलून दानवे ‘साले’ असा शब्द वापरून गेले. ते तेव्हा भाजपचे प्रदेशाध्यक्ष होते. कोणाच्या तरी मोबाइलमध्ये ते टिपले गेले आणि वार्ताहराने कागद उघडायच्या आत राज्यभर फिरले. राज्यभर निषेध झाले, दानवेंना दिलगिरी व्यक्त करावी लागली. गावोगावच्या ग्रुपवर तो काही सेकंदांचा तुकडा महिनोन्महिने फिरत राहिला.

आणि दोन वर्षांनी, २०१९ मध्ये, दानवे ३ लाख ३२ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले.

तो तुकडा पाहिलेल्या हजारो माणसांनीच दानवेंना मत दिले असणार, त्याशिवाय हा आकडा जुळत नाही. पुलवामा, बालाकोट, मोदी, यांच्यापुढे तुरीचा अपमान मागे पडला. याच निवडणुकीत राज ठाकरे यांनी एकही उमेदवार उभा न करता मोठमोठ्या सभा घेतल्या आणि ‘लाव रे तो व्हिडिओ’ म्हणत पडद्यावर मोदी-शहांची जुनी भाषणे दाखवली. मेळघाटातल्या हरिसालच्या ‘डिजिटल गावा’च्या सरकारी जाहिरातीत दिसलेला तरुणच त्यांनी सोलापूरच्या सभेत व्यासपीठावर उभा केला. सिल्लोडच्या पानटपरीवरही या सभा मोबाइलवर पाहिल्या गेल्या, पोरांना संवाद पाठ झाले. राज्याचा निकाल आला तेव्हा भाजप-शिवसेनेला ४८ पैकी ४१ जागा होत्या. औरंगाबादेत मात्र एकेकाळी एनडीटीव्हीचे पत्रकार असलेले इम्तियाज जलील चंद्रकांत खैरे यांना ४,४९२ मतांनी हरवून खासदार झाले. सिल्लोडकरांनी तो निकाल आपल्या पेपरच्या पहिल्या पानावर वाचला. त्या लढतीत त्यांना मत नव्हते.

मोबाइलची दुसरी बाजू तोवर कळून चुकली होती. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरे पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मजकूर एका वेळी पाच ठिकाणांपेक्षा जास्त पाठवता येणार नाही अशी मर्यादा घातली. २०१९ मध्ये समाजमाध्यम कंपन्यांनी आयोगाबरोबर स्वेच्छेची आचारसंहिता केली, मतदानाआधीच्या ४८ तासांच्या शांततेत प्रचार थोपवण्याचे त्यात मान्य केले. ग्रुप ॲडमिनना पोलिसांच्या नोटिसा जाऊ लागल्या आणि कित्येक ग्रुप निवडणुकीपुरते ‘ओन्ली ॲडमिन’ झाले. चहाच्या हॉटेलात जो वाद हातघाईवर आला की मालक थांबवी, त्याचे काम ॲडमिनकडे आले.

मग २०२३ उजाडले. ३१ मार्चला सिल्लोडच्या शेजारच्या फुलंब्रीत, पंचायत समितीच्या दारात, गेवराई पायगाचे तरुण सरपंच मंगेश साबळे गळ्यात नोटांची माळ घालून उभे राहिले. विहिरींच्या मंजुरीसाठी शेतकऱ्यांकडून पैसे मागितले जातात, असा त्यांचा आरोप होता. बोलता बोलता त्यांनी माळ तोडली आणि दोन लाखांच्या नोटा हवेत उधळायला सुरुवात केली. नोटा कचेरीच्या आवारात पडल्या आणि व्हिडिओ देशभर पसरला. कुठल्याही पक्षाचा पाठिंबा नाही, पेपरचे पॅकेज नाही, एका कार्यकर्त्याच्या हातातला मोबाइल तेवढा होता. ज्याने ज्याने विहिरीची फाइल हातात धरून कचेरीचे उंबरे झिजवले होते, त्याला तो व्हिडिओ समजावून सांगावा लागला नाही.

पाच महिन्यांनी, १ सप्टेंबरला, जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे यांच्या उपोषणस्थळी पोलिसांनी लाठीमार केला. रक्ताळलेल्या डोक्यांची, पळणाऱ्या बायकांची दृश्ये संध्याकाळपर्यंत घराघरांत होती. मराठा आरक्षणाचे आंदोलन पुढचे वर्षभर मोबाइलवरच वाढले. सभेची वेळ, रस्ता, गाड्यांची सोय, भाकरी कोणी आणायच्या, सगळे ग्रुपवर ठरे. सभेचे थेट प्रक्षेपण शेतात बसून पाहता येई. दैनिके दुसऱ्या दिवशी जे छापत ते लोकांनी आदल्या रात्रीच पाहिलेले असे. जरांगे यांनी लोकसभेत कोणाला निवडून आणा असे सांगितले नाही. कोणाला पाडायचे ते ज्याचे त्याने ठरवावे, एवढ्यावर ते थांबले.

२०२४ च्या प्रचारात बनावट मजकुरानेही आपले स्थान घेतले. अमित शहा यांच्या तेलंगणातल्या भाषणाची काटछाट करून ते सगळेच आरक्षण रद्द करणार असल्याचा भास निर्माण करणारा व्हिडिओ एप्रिलअखेर पसरला, दिल्लीत आणि मुंबईत गुन्हे नोंदले गेले. ६ मे रोजी आयोगाने पक्षांना बजावले की, असा मजकूर लक्षात आणून दिल्यावर तीन तासांत काढा. तीन तासांत एखादी गोष्ट मतदारसंघाच्या सगळ्या तालुक्यांत फिरून परत येते. ‘चारशे पार’च्या घोषणेचा अर्थ राज्यघटना बदलणार असा लावला गेला आणि दलित वस्त्यांत तो कोणत्याही व्हिडिओपेक्षा कार्यकर्त्यांच्या तोंडून जास्त पसरला. सोयाबीन आणि कापसाचे पडलेले भाव, कांद्याची निर्यातबंदी, हे कोणाला मोबाइलवर पाहायची गरज नव्हती.

१३ मे रोजी जालन्यात मतदान झाले. दानवेंसमोर पुन्हा डॉ. कल्याण काळे होते, १५ वर्षांपूर्वी थोडक्यात हुकलेले. काँग्रेस सोडलेले सत्तार तेव्हा एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेचे मंत्री होते, म्हणजे दानवेंच्याच महायुतीत, पण दोघांमधले वितुष्ट तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. आणि अपक्ष म्हणून रिंगणात होते मंगेश साबळे. ४ जूनला काळे १ लाख ९ हजार ९५८ मतांनी विजयी झाले. पाच निवडणुका सलग जिंकलेले दानवे पडले. साबळे यांना दीड लाखांहून अधिक मते मिळाली. एका सरपंचाने, ज्याची ओळख मुख्यतः मोबाइलच्या पडद्यावर झाली होती, विजयाच्या फरकापेक्षा जास्त मते खेचली. त्यांनी कोणाची मते खाल्ली यावर सिल्लोड-फुलंब्रीत अजून वाद घालता येतो.

२०१७ चा व्हिडिओ दानवेंना पाडू शकला नाही आणि २०२३ च्या व्हिडिओंनी हवा फिरवली, याचे एक कारण पाहणाऱ्यांच्या अनुभवात होते. तुरीवरच्या शब्दाचा राग खरा होता, पण तो एका माणसाच्या जिभेचा राग होता. आरक्षणाचा प्रश्न घरातल्या पोराच्या नोकरीशी, विहिरीच्या पैशांचा प्रश्न पदरच्या पैशाशी जोडलेला होता. शिवाय हे व्हिडिओ पाठवणारे कोणी आयटी सेलवाले नव्हते. ते भाऊबंद होते, सोयरे होते, एका बाकावर शिकलेले मित्र होते. पाटलाने वाचून दाखवलेल्या पेपराचे वजन जसे पाटलावर ठरायचे, तसे फॉरवर्डचे वजन पाठवणाऱ्याच्या नावावर ठरत होते.

मराठवाड्यातल्या आठ जागांपैकी महायुतीला एकच, छत्रपती संभाजीनगरची, मिळाली. विरोधकांनी खोटे कथानक पसरवले, ‘फेक नॅरेटिव्ह’ चालवले, असे देवेंद्र फडणवीस यांनी पराभवाचे कारण दिले. महाविकास आघाडीने शेतकरी आणि संविधान जिंकले असे सांगितले. पुढच्या पाच महिन्यांत मोबाइल तेच होते, ग्रुप तेच, ॲडमिनही बहुधा तेच. नोव्हेंबरात विधानसभेचे निकाल लागले तेव्हा जालना लोकसभेतल्या सहाही जागा महायुतीने घेतल्या. सिल्लोडमध्ये सत्तार २,४२० मतांनी वाचले. या वेळी आघाडीने मतदानयंत्रांकडे बोट दाखवले. महायुतीचे कार्यकर्ते लाडकी बहीण योजनेचे नाव घेत होते. तिचा १,५०० रुपयांचा हप्ता जमा झाल्याचा बँकेचा मेसेज त्या पावसाळ्यात बायकांच्या मोबाइलवर येत होता. तो कोणी फॉरवर्ड केला नव्हता, त्यावर कोणाचा फोटो नव्हता आणि तो खरा की खोटा हे तपासायला बँकेच्या दारात रांग लावून उभे राहता येत होते.